कुरणांच्या महिन्यातलं पत्र

"बोंजूर मादाम, चहा आधी मिळेल की व्याकरण संपल्यावर?"

कर्वेनगरच्या दोन खोल्यांत रोज सकाळी सहाला हा आवाज घुमायचा. पोस्टात नोकरी करणाऱ्या त्र्यंबकरावांना फ्रेंचमधले तेवढे दोनच शब्द येत, आणि तेही ते पोस्टाचा शिक्का मारावा तसे ठासून म्हणत. ओट्यापाशी मालिनीबाई एका हातात सांडशी आणि दुसऱ्या हातात वही धरून क्रियापदं घोकत असत. त्यांना कॉलेजात जाऊन तीच शिकवायची असत. हसू आलं तरी त्या दाखवत नसत. गोधडीत गुरफटलेल्या प्रसन्नला मात्र त्यांचा खांदा हललेला दिसायचा. रिटायर झालो की तुला फ्रान्सला नेतो, असं त्र्यंबकराव दर दिवाळीला म्हणायचे. म्हणता म्हणता रिटायर झाले, आणि म्हणता म्हणता गेलेही.

तो आवाज प्रसन्नला आज गाडी चालवताना ऐकू येत होता. दोन हजार चारचा जून होता. ओहायोतल्या डब्लिनहून तो आईला आणि सहा वर्षांच्या लेकीला, आन्याला, घेऊन सकाळीच निघाला होता. बायकोला, रुचाला, ऑफिसचं काम होतं म्हणून ती घरी राहिली. मालिनीबाईंना येऊन पाच महिने झाले होते आणि चार दिवसांनी त्यांचं परतीचं विमान होतं. फ्रान्स काही तो दाखवू शकत नव्हता. पण नदीकाठी दोन तासांवर एक गाव होतं, दोनशे वर्षांपूर्वी फ्रान्सहून आलेल्या लोकांनी वसवलेलं. तिथं जुनी घरं होती, द्राक्षमळे होते, भाड्यानं कनू, म्हणजे वल्ह्याची लांबुडकी होडी, मिळायची. निदान तेवढं दाखवावं, असं त्यानं रुचाला सांगितलं होतं.

खरं कारण त्यानं रुचालाही सांगितलं नव्हतं. आईशी त्याला एक गोष्ट बोलायची होती. पाच महिने ती गोष्ट रोज जेवणाच्या टेबलापर्यंत यायची आणि घासाबरोबर परत पोटात जायची.

गावाचं नाव सेंट ऑबिन. निदान तिथले लोक तसं म्हणत. पेट्रोलपंपावर मालिनीबाईंनी काच खाली करून "सँतोबँ" कुठं आहे म्हणून विचारलं, तेव्हा तिथल्या माणसानं असं गाव या काउंटीत नाही म्हणून छातीठोक सांगितलं. त्याच्या डोक्यावरच गावाची पाटी होती.

"तीस वर्षं उच्चार घोटून घेतले पोरांकडून," मालिनीबाई काच वर करत म्हणाल्या, "आणि इथं मीच नापास."

गाव मात्र त्यांना आवडलं. रुंद, निवांत रस्ता, उतरत्या छपराची बुटकी घरं, प्रत्येक घराला पुढून पडवी. पडवी बघून त्या थबकल्या, कोकणातल्यासारखीच की, म्हणाल्या. वेलींच्या रांगांतून चालताना त्यांनी एक पान हळूच चुरगाळून हुंगलं. मग नदीवर गेले. कनूवाल्यानं त्यांच्या पंजाबी ड्रेसवर नारिंगी लाइफ जॅकेट चढवलं आणि पोहता येतं का विचारलं. कृष्णेत पोहायला शिकले आहे, असं सांगून त्या त्याच्या आधी कनूत जाऊन बसल्या.

मधोमध पाणी निवल्या दुधासारखं संथ होतं. मागून प्रसन्न वल्हवत होता, पुढं आन्या वल्ह्यानं निम्मं पाणी आजीवर उडवत होती.

"केवढी ही नदी," मालिनीबाई म्हणाल्या, "आणि मेलीला एक घाट नाही. माणसानं सुखदुःख घेऊन बसायचं तरी कुठं?"

मग पाण्यात बोटं सोडून त्या आपल्या आईच्या तोंडची ओवी गुणगुणू लागल्या,

नदीबाई बाई, तुझी वाळू गं ओली
माझ्या बाळाची पावलं, कोण्या गावा गेली

प्रसन्नचं वल्हं थांबलं. आता बोलावं, असं त्याला वाटलं. आई पाठमोरी होती, डोळ्याला डोळा भिडवायचा नव्हता. पण बोललो आणि ती रडली, तर या नारिंगी जॅकेटातल्या बाईला भर पाण्यात धरायचं कसं? त्यानं वल्हं पुन्हा पाण्यात घातलं.

दोन हजार दोनच्या नोव्हेंबरात त्र्यंबकराव हॉस्पिटलात गेले आणि अकराव्या दिवशी संपले. त्या अकरा दिवसांत प्रसन्ननं आईला फोनवर एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगितली होती. व्हिसा वाढवायला दिलाय, सरकारनं पासपोर्ट ठेवून घेतलाय, हातात आला की निघतोच. मालिनीबाईंनी ते त्र्यंबकरावांच्या कानाशी वाकून सांगितलं. अग्नी पुतण्यानं, रवीनं दिला. दिवसकार्याला आलेले दीर-जावा एकुलता एक मुलगा आला नाही म्हणून कुजबुजले, तेव्हा या बाईनं भरल्या घरात सगळ्यांना सुनावलं होतं की अमेरिकेचं सरकार आहे ते, तिथं माझ्या लेकाचं काय चालणार. अजूनही पुण्याहून कुणाचा फोन आला की त्या हेच सांगत. लेकाच्या शब्दावर त्यांनी घराण्याशी वैर पत्करलं होतं. खरं काय ते सांगितलं, तर तिला उभं राहायला जमीन कुठली उरणार होती?

दुपारी ते गावातल्या सगळ्यात जुन्या घरात गेले. आता तिथं छोटं संग्रहालय होतं आणि कापडी टोपी घातलेल्या एक म्हाताऱ्या बाई हौसेनं सगळं दाखवत होत्या. मोठं चुलाणं, हातमाग, लाकडी पाळणा. शेवटच्या खोलीत काचेखाली एक पिवळं पडलेलं पत्र होतं. शेजारच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, फ्रान्समधल्या प्रेरियाल गावाहून आलेलं पत्र, सुमारे सतराशे पंचाण्णव. ते गाव नकाशावर अजून कुणाला सापडलं नाही, असं बाई कौतुकानं म्हणाल्या.

मालिनीबाईंनी चष्मा पुसून परत लावला आणि एकदम हसल्या. पत्राच्या पत्त्यातली चूक काढायची तर ती पोस्टातल्या त्र्यंबकरावांनीच काढावी, पण ही चूक मालिनीबाईंच्या वाट्याची होती. प्रेरियाल हे गाव नव्हे, महिना आहे, त्यांनी त्या बाईंना समजावलं. क्रांतीनंतर फ्रेंचांनी महिन्यांची नावंच बदलली. बर्फाचा महिना, वाऱ्याचा महिना, फुलांचा महिना. प्रेरियाल म्हणजे कुरणांचा. चौदा प्रेरियाल, वर्ष तिसरं. बोटांच्या पेरांवर हिशेब करून त्यांनी सांगितलं, जूनची दोन तारीख. आणि हे पत्र आलेलं नाही. वर गावाचं नाव सँतोबँ लिहिलंय. इथूनच जाणारं होतं, गेलं नाही.

खरंच ते पेटीच्या झाकणात सापडलं होतं, असं बाई म्हणाल्या आणि वही आणायला लगबगीनं बाहेर गेल्या.

"काय लिहिलंय गं?" प्रसन्ननं विचारलं.

मालिनीबाई वर्गात वाचत तशा एकेका ओळीवर बोट फिरवत मराठीत सांगू लागल्या. "माझ्या लाडक्या आई. बाबांच्या आजारपणाचं तुझं पत्र मिळालं. मी त्याच दिवशी निघालो असतो. पण इथली नदी गोठून दगड झाली आहे, एकही होडी हलत नाही. बाबांना सांग, बर्फ वितळलं की..."

त्या थांबल्या. बोट पुन्हा वर, तारखेवर गेलं.

"आजी, बट इट्स जून," आन्या काचेला नाक लावून म्हणाली. "रिव्हर्स डोन्ट फ्रीझ इन जून."

"नाही गोठत, बाळा," मालिनीबाई म्हणाल्या.

वही घेऊन बाई आल्या. मालिनीबाईंनी तारीख नीट लिहून दिली. मजकूर काय आहे, असं बाईंनी विचारलं, तेव्हा एका मुलानं आईला लिहिलंय, तिची आठवण येते म्हणून, एवढंच सांगितलं. मेलेल्या माणसाचंही खोटं त्यांनी झाकून घेतलं, हे बघून प्रसन्न काचेपासून बाजूला झाला.

बाहेर काठावर बाक होता. आन्या चपटे दगड शोधून पाण्यात टाकत होती. मायलेक बाकावर बसले. पलीकडच्या तीरावर कुरणं हिरवीगार पसरली होती, कमरेएवढी.

"त्याला वाटलं असेल," मालिनीबाई नदीकडं बघत म्हणाल्या, "आईला काय कळतंय इथलं. अमेरिकेत जूनमध्येही बर्फ पडत असेल, असं धरून चालेल बिचारी."

"मग पाठवलं का नाही?"

"लिहिणं सोपं असतं रे. पाठवायला हात धजला नसेल." त्यांनी ओढणीच्या टोकानं कपाळ टिपलं. "मला त्याचं वाईट नाही वाटत. त्या आईचं वाटतं. ना खोटं मिळालं, ना खरं. आयुष्यभर दाराशी बसली असेल."

त्यांच्या बोलण्यात रोख होता की नव्हता, ते प्रसन्नला कळेना. त्यानं वळून बघितलं. आईचा चेहरा शांत होता, आणि या दीड वर्षात खूप म्हातारा झाला होता. आता ते मनात ठेवणं त्याच्यानं होईना.

"आई, पासपोर्ट कुणी ठेवून घेतला नव्हता," तो म्हणाला. "माझ्या टेबलाच्या खणात होता. अकरा दिवस मी रोज खण उघडायचो आणि बंद करायचो. व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपली होती. मुंबईच्या वकिलातीत नवा मिळेल की नाही, किती महिने अडकवतील, कुणी सांगत नव्हतं. आमच्या ऑफिसातला विवेक तशाच शिक्क्यावर भारतात गेला आणि तीन आठवड्यांत परतही आला. मला धीर झाला नाही. नोकरी जाईल, घर जाईल, एवढंच डोक्यात होतं. बाबा दाराकडं बघतायत, हे रवीनं मला पाचव्याच दिवशी सांगितलं होतं. मला येता येत होतं, आई. मी आलो नाही."