पाचवं रीळ मनगटावर

मी एक जुनं रीळ आहे, मित्रांनो. सहा भावंडांतलं चौथं. आम्ही सहा मिळून एक मूकपट होतो, लाठीबहाद्दर कोंडीरामचा अगदी पहिला. पुढे पडद्यावर त्याने शेकडो दरोडेखोर लोळवले, पण ते चित्रपट कुठे गेले, देव जाणे. आमची एकच प्रत उरली आणि ती नायगावच्या चाळीत त्याच्या पलंगाखाली पंचवीस वर्षं पडून होती.

संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात कोंडीराम तुरुंगात गेला. सुटून आल्यावर चाळीच्या समितीने सत्कार ठरवला. चाळीतल्या मुलांना मात्र म्हातारा थापा मारतो असंच वाटायचं.

"भाषणं नकोत, माझा सिनेमा दाखवा," तो म्हणाला. "मग बघू थापा कोण मारतं."

समितीच्या रघुवीरने यंत्र आणलं, पटांगणात चादर ताणली आणि पहिला डबा उघडला. आत पापड. दुसऱ्यात कुरडया.

"चंपाकाकू, हे काय?" रघुवीरने कोंडीरामच्या बायकोला विचारलं.

"त्या काळ्या फिती होय? हे तुरुंगात होते ना, तेव्हा बांगडीवाल्याला दिल्या. त्या वितळवून बांगड्या करतात म्हणे. बदल्यात या डझनभर दिल्या बघ. डबे मात्र ठेवले हो, पापड सादळत नाहीत."

मी हादरलो. माझी पाच भावंडं काकूंच्या मनगटावर गेली होती! मी वाचलो, कारण माझं झाकण गंजून बसलं होतं.

रघुवीरने ते ठोकून उघडलं आणि मला यंत्रावर चढवलं. पण माझ्यावर काय होतं, मित्रांनो? नुसता मार. दहा मिनिटं दरोडेखोरांनी कोंडीरामला बांधलं, बडवलं, विहिरीत फेकलं. तो वर यायचा पाचव्या रिळात. मी संपलो. चादर पांढरी पडली.

"काका, एवढा मार खाल्लात?" मागून कुणीतरी विचारलं.

कोंडीराम उठला. कपडे वाळत घालायची काठी घेऊन यंत्राच्या उजेडात उभा राहिला आणि पाचव्या रिळातल्यासारखा विहिरीतून वर आला. गुडघे कडाकडा वाजले. मग काठी अशी फिरली की पुढच्या रांगा मागे सरकल्या.

"सातच्या सात लोळवले!" तो धापा टाकत म्हणाला.

"आठ!" चंपाकाकू बांगड्यांचा हात वर करून ओरडल्या. "आठवा मागून येतो, विसरलात?"

तो गर्रकन वळला आणि आठवाही पडला.

मित्रांनो, डबा कामाचा दिसला तरी आधी आत कोण राहतं ते विचारा. माझा डबा आता माझाच आहे. एकच विनंती आहे, झाकणावरचा गंज कुणी काढू नका.