स्वयंपाकघरातून गेलेली रेघ

नकाशांच्या कचेरीत तिला सगळे रेघाताई म्हणत. खरं नाव वेगळं होतं, पण चार वर्षं रेघा ओढण्यात गेल्यावर ते कुणाच्या लक्षात राहणार? देशातल्या उष्ण भागाचे पट्टे पाडायचे, कुठे काय लावलं तर जमिनीचा कस टिकेल ते ठरवायचं आणि त्याप्रमाणे गावोगाव रोपं वाटायची, असं ते काम. ओलसर पट्टा हिरवा, कोरडा पिवळा.

कच्चा नकाशा लोकांना बघायला ठेवला आणि पंधरा दिवसांत एक पत्र आलं. 'तुमची रेघ आमच्या स्वयंपाकघरातून गेली आहे. चूल हिरव्यात, मोरी पिवळ्यात. आम्ही रोपं कुठली घ्यायची?'

साहेबांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "लोक हसतील आपल्याला. रेघ उचला आणि खालच्या रस्त्यावर नेऊन ठेवा. दिसायलाही बरी."

"एकदा बघून येते, साहेब," ती म्हणाली. मनातून खट्टू झाली होती. त्या एका रेघेपायी उंची, पाऊस, माती सगळ्याचा तिने कीस पाडला होता.

घर डोंगराच्या अगदी माथ्यावर होतं. पुढच्या दारासमोर एक उतार, मागच्या दारामागे दुसरा, आणि दोन्हीकडे त्याच म्हाताऱ्या नवरा-बायकोची शेती. रेघाताईंनी आल्या आल्या चूक झाल्याबद्दल माफी मागितली.

"चूक कसली?" काकू म्हणाल्या. "रेघ बरोबर आहे. चाळीस वर्षं मी कपडे मागच्या दारी वाळत घालतेय. पुढच्या दारी संध्याकाळपर्यंत ओलेच राहतात. पत्र मी रोपांसाठी लिहिलं, भांडायला नाही."

"हिचं काहीतरीच," काका म्हणाले. "दोन्हीकडे सारखंच आहे."

रेघाताईंनी माती काढायचं गिरमिट घेतलं आणि दोन्ही उतारांवर भोकं पाडली. पुढची माती काळी, मुठीत दाबली की गोळा होणारी. मागची तांबूस, खडेच खडे, बोटांतून गळून गेली. काकांना तरीही पटलं नव्हतं. साहेबांनाही नुसत्या मातीने पटणार नव्हतं. मग तिने दोन्ही उतारांवर एकेक पर्जन्यमापक बसवला. पुढचा काकांच्या ताब्यात, मागचा काकूंच्या. रोज सकाळी पाणी मोजायचं, वहीत लिहायचं आणि फोन करायचा.

पाच महिने फोन चुकला नाही. फोनवर पावसाचं बोलणं कमी आणि गप्पाच जास्त. एकदा कोरड्या ठणठणीत आठवड्यात काकांनी भलताच मोठा आकडा सांगितला. मागोमाग फोनवर काकू आल्या.

"तेवढा आकडा खोडा, ताई. ह्यांनी झाडांना पाणी घालताना झारी त्यात उपडी केली."

"चुकून झालं," मागून काकांचा आवाज आला.

हंगाम संपला तेव्हा पुढच्या उतारावर मागच्यापेक्षा दीडपट पाऊस भरला होता. दोन्ही वह्या तिने साहेबांपुढे ठेवल्या. साहेबांनी पान न् पान चाळलं. एका खोडलेल्या आकड्याशेजारी काकूंच्या अक्षरात 'झारीचा पाऊस' असं लिहिलं होतं. तिथे मात्र ते खुर्चीत मागे रेलून पोटभर हसले.

"राहू द्या रेघ आहे तिथे," चष्मा पुसत ते म्हणाले. "आणि असे दोन पर्जन्यमापक आणखी चार डोंगरांवर बसवा. माझा रस्त्याचा हट्ट चुकलाच."

रोपांची गाडी आली त्या दिवशी रेघाताई मुद्दाम गेल्या. पुढच्या उतारावर मिरीचे वेल, मागच्यावर काजू. खड्डे खणून काकांची कंबर धरली होती, तरी ते पायरीवर बसून, काय कुठे लावायचं ते सगळ्यांना समजावत होते, जणू रेघ त्यांनीच ओढली होती. काकू गालातल्या गालात हसत होत्या.

तेवढ्यात कुंपणापाशी शेजारीण आली.

"बाई, आमच्या घरातूनही न्या की रेघ," ती म्हणाली. "ह्यांना दोन्हीकडची रोपं मिळाली, आम्ही काय घोडं मारलंय?"

"रेघ अशी मागून मिळत नाही हो," रेघाताई म्हणाल्या आणि गिरमिट उचलून तिच्या शेताकडे निघाल्या. "चला, आधी माती बघू."