आम्रपालीने पाणी मागितलं होतं

आम्रपालीचं पत्र येऊन तीन आठवडे झाले तरी मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. तळेगाव दाभाड्याहून, मावशीच्या घरून तिने ते पाठवलं होतं. आजकाल कुणी पत्र लिहीत नाही, पण तिने कारण दिलं होतं: "काका, फोनवर लिहिलेलं दुपारपर्यंत सगळ्या ग्रुपवर फिरतं. म्हणून कागदावर." पुढे मोजक्याच ओळी होत्या. "क्लबच्या अहवालात आहे की त्या दिवशी मला पाणी देऊ केलं आणि मी हट्टाने घेतलं नाही. परतताना चाकण लागल्यानंतरचं मला काहीच आठवत नाही. तुम्ही सोबत होतात. मी खरंच तसं केलं असेल, तर सायकल विकून टाकीन. असं माणूस ग्रुपमध्ये असू नये, त्याच्यामुळे दुसऱ्याचा जीव जाईल. तुम्ही सांगाल ते मी खरं मानीन."

तुम्ही सांगाल ते! मी एका तंत्रनिकेतनात ग्रंथपाल होतो. पुस्तक कुठल्या कपाटात आहे यापलीकडे माझ्या शब्दावर कुणी कधी काही ठरवलं नव्हतं. लिहायला बसायचो आणि पेन खाली ठेवायचो. त्या दिवशी माझंही डोकं गरगरत होतं. मला आठवतं ते तसंच घडलं कशावरून? क्लबचा अध्यक्ष अवधूत एवढा मोठा बिल्डर, चारचौघांत वावरणारा माणूस. त्याने लिहिलेलं चूक आणि माझं बरोबर, हे मी कोणत्या तोंडाने म्हणायचं?

"दोन ओळी लिहायला एवढा वेळ?" नीलिमा म्हणाली. माझी बायको मला चांगली ओळखते. "तोवर ती पोरगी म्हातारी होईल."

तर झालं होतं ते असं.

एप्रिलअखेरचा रविवार होता. थेरगावातून निघून मोशी, चाकण, राजगुरुनगर आणि परत, अशी आमच्या क्लबची 'उन्हाळी शंभरी' होती. निघायचं पहाटे साडेपाचला ठरलं होतं. पण चाकणच्या ज्या कंपनीने टी-शर्ट दिले होते, तिचे मोठे साहेब झेंडा दाखवायला येणार होते. आमच्याकडे पाहुण्यांशिवाय काहीही सुरू होत नाही. आम्ही तीस-चाळीस जण हेल्मेट घालून डांगे चौकाजवळ उभे राहिलो. ऊन वर आलं.

"अध्यक्ष," धनेश ओरडला. तो आमच्यातला चेष्टेखोर. "त्या सूर्याला पण शाल घाला ना राव, जरा थांबेल तरी!"

सगळे हसले. मीही हसलो. आता त्या हसण्याचा राग येतो. साहेब आले, नारळ फुटला, भाषण झालं आणि आम्ही निघालो तेव्हा आठ वाजून गेले होते.

मी नेहमी शेवटी असतो. शेवटच्याला एकटं सोडायचं नाही असा नियम आहे आणि त्या दिवशी आम्रपालीने ते काम मागून घेतलं होतं. खरं तर ती पुढच्यांत चालणारी मुलगी. चाकणला कंत्राटी कामगार म्हणून तपासणी विभागात होती, रोज आकुर्डीहून सायकलने कामावर जायची. "काका, तुम्ही वाचलेलं सांगत चला, मी पुढे राहून वारा अडवते," म्हणाली आणि राजगुरुनगरपर्यंत तिने मला अक्षरशः ओढत नेलं.

परतताना अवधूतने रस्ता बदलला. टी-शर्टवाल्या कंपनीच्या गेटसमोरून सगळ्यांनी जायचं, वरून ड्रोनने चित्रीकरण होणार. म्हणून महामार्ग सोडून एमआयडीसीच्या आतल्या रस्त्याला लागलो. तिथे ना झाड, ना टपरी. दोन्ही बाजूंना भिंती आणि रविवारची बंद गेटं. डांबर मऊ झालं होतं, टायर चिकटल्यासारखे वाटत होते. आम्हा दोघांच्या बाटल्या केव्हाच रिकाम्या झाल्या होत्या, पण त्या गेटसमोर क्लबचा पाण्याचा टेम्पो थांबणार होता, म्हणून आम्ही तेवढ्यासाठी पाय मारत राहिलो.

टेम्पो नव्हता. पुढच्यांचं चित्रीकरण उरकलं होतं आणि टेम्पोवर कंपनीचा फलक असल्यामुळे तोही कॅमेऱ्याबरोबर पुढे गेला होता. मी अवधूतला फोन लावला. मागे ढोल वाजत होता. "काका, या या, आम्ही मोशीत आहोत, नाश्ता गरम आहे!" एवढं म्हणून त्याने फोन ठेवला.

आम्रपाली गेटपाशी गेली. ती रोज त्याच गेटने कामाला जात होती. आमच्या पाठीवर त्याच कंपनीचं नाव होतं.

"भाऊ, थोडं पाणी द्या ना," ती म्हणाली. "दोघंच आहोत. आत नाही येत, इथेच द्या."

पहारेकरी मराठवाड्याकडचा होता, तरुणच. "ताई, आज सुट्टी हाय. पासशिवाय गेट उघडता येत न्हाई."

"मला ओळखता की तुम्ही. मी रोज येते."

"वळखतो की. पण आज तुमचं पंचिंग न्हाई. वर कॅमेरा हाय ताई, माझी नोकरी जाईल."

त्याच्या पाठीमागे, जाळीतून दिसेल असं, हिरवंगार लॉन होतं आणि त्यावर पाण्याचे फवारे गोल गोल फिरत होते. रविवारी, भर दुपारी, गवतावर! तिने ते पाहिलं. मीही पाहिलं. ती आणखी एकदा म्हणाली, "भाऊ, पाणी." हे मी माझ्या कानांनी ऐकलं. मग तिने जाळी धरली आणि तशीच खाली घसरली.

पहारेकरी घाबरला. आपल्या खुर्चीखालची बाटली त्याने जाळीतून बाहेर दिली. स्वतःचीच, अर्धी भरलेली. गेट मात्र त्याने उघडलं नाही. मी तिच्या तोंडावर, मानेवर पाणी मारलं. तिची कातडी तव्यासारखी तापली होती आणि ती मला 'आई' म्हणत होती. चाकणच्या बाजारात कांदा उतरवून येणारा एक पिकअपवाला थांबला. रिकाम्या पोत्यांवर तिला आडवं घालून आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं.

हे एवढं सगळं मला आठवत होतं, तरी मी उत्तर लिहीत नव्हतो. मग परवाच्या रविवारी क्लबचा कार्यक्रम झाला.

थेरगावातल्या हॉलमध्ये कंपनीचे तेच साहेब पहिल्या रांगेत होते. अवधूतने माझं नाव पुकारलं. माझा सत्कार होता, हे मला तिथे कळलं. त्याने अहवालातला परिच्छेद वाचला: "ज्येष्ठ सदस्य शरच्चंद्रकाकांनी वारंवार पाणी घेण्याची विनंती करूनही संबंधित सदस्याने ती मानली नाही. तरीही काकांनी प्रसंगावधान राखून..."

मी तो अहवाल वाचलेलाच नव्हता. फोनवर लांबलचक काही मला वाचवत नाही. पाणी देऊ केलं ते मीच, असं त्यात लिहिलं होतं! माझ्याच तोंडी शब्द घालून त्यांनी त्या मुलीला खोटं पाडलं होतं. आणि तिने पत्र लिहून मला, मलाच विचारलं होतं.

खांद्यावर शाल पडली. माईक समोर आला. मी तो हातात घेतला. म्हणालो, "मी तिला पाणी घे असं म्हणालो नाही. माझ्याकडे पाणी नव्हतं. तिनेच पाणी मागितलं."

अवधूतने हसत माईक काढून घेतला.

"बघा! आपलं श्रेयसुद्धा घेत नाहीत. याला म्हणतात जुनी पिढी!"

टाळ्या झाल्या. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. साहेबही वाजवत होते. मी "अहो, ऐका" म्हणालो, ते पहिल्या रांगेपर्यंतही गेलं नाही. खाली उतरल्यावर अवधूतने माझा हात दाबला. "काका, सोडा ना आता. पोरगी बरी आहे. पुढच्या वर्षी कंपनी सायकली पण देतेय. आणि या पोरींना सकाळी काही खाऊन यायची शिस्त नसते, तुम्हाला माहीत आहे."

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "तिने पोळीचा डबा आणला होता. त्यातली एक मी खाल्ली."

तो दुसऱ्या कुणाला तरी नमस्कार करायला वळला होता.

शाल खुर्चीवर ठेवली आणि घरी चालत आलो. इतका संताप मला कधी आल्याचं आठवत नाही. आयुष्यभर माझं कुणी ऐकलं नाही, त्याचं वाईट वाटायचं. पण ऐकून वर टाळ्या वाजवायच्या, ही तऱ्हा नवीन होती. आणि एक कळलं. मला आठवतं ते खरं की खोटं, याबद्दल अवधूतच्या मनात जराही शंका नव्हती. तो त्यावर बोलतच नव्हता. शंका फक्त माझ्या मनात होती आणि त्या शंकेवर त्यांचं सगळं चाललं होतं.

त्या संध्याकाळी पत्र एका बैठकीत झालं. फार विचार केला नाही. "चि. आम्रपाली, तू पाणी नाकारलं नाहीस. तू दोनदा पाणी मागितलंस. तुझ्याच कंपनीच्या गेटवर, तुला ओळखणाऱ्या माणसाकडे. मी शेजारी उभा होतो. मी तुला पाणी देऊ केलं नाही, कारण माझी बाटली रिकामी होती आणि टेम्पो कॅमेऱ्यामागे गेला होता. आत लॉनवर फवारे चालू होते. हे मला नक्की आठवतं. कुठेही, कुणाहीसमोर सांगेन. माझा आवाज बारीक आहे, पण सांगेन. या पत्राचा फोटो काढून हव्या त्या ग्रुपवर टाक. सायकल विकू नकोस." खाली पूर्ण सही केली. नाव, पत्ता, फोन नंबर.

नीलिमाने वाचलं. "शेवटी 'कदाचित' लिहिलं नाहीत?"

"नाही."

"मग चिकटवा लवकर. सकाळपर्यंत आणखी एक कागद फाडाल."

सोमवारी पोस्ट उघडायच्या आधीच मी दारात होतो. खिडकीतल्या बाईंनी पाकीट तोललं आणि साधं पाठवायचं की स्पीड पोस्टाने, असं विचारलं. मी म्हणालो, लवकर पोहोचेल तसं. त्यांनी शिक्का मारला, पावती माझ्याकडे सरकवली आणि पाकीट मागच्या टोपलीत टाकलं.