सिलिंडर उचलल्यानंतर

आश्लेषा बसवनगुडीतल्या एका छोट्या डिटेक्टिव्ह एजन्सीत कामाला होती. त्या आठवड्यात तिच्याकडे विद्याधर नावाच्या माणसाचं प्रकरण होतं. गोदामात पडून आपली पाठ कायमची अधू झाली, असा त्याचा दावा होता. विमा कंपनीला तो खोटा वाटत होता.

जयनगरमधल्या त्याच्या घरासमोर झाडाखाली गाडी लावून ती बसे. रस्त्यावरून कुणालाही दिसेल तेवढंच टिपायचं, खिडकीतून आत डोकावायचं नाही, हा एजन्सीचा नियम. सुरुवातीचे दिवस काहीच घडलं नाही. विद्याधर पाठीला पट्टा बांधून व्हरांड्यात बसायचा, एवढंच.

मग एका सकाळी गॅसवाला भरलेला सिलिंडर फाटकाशीच ठेवून निघून गेला. विद्याधरने इकडेतिकडे पाहिलं, सिलिंडर उचलला आणि पायरीपर्यंत नेला. आश्लेषाने ते कॅमेऱ्यात घेतलं आणि एजन्सीचे मालक रविकिरण यांना फोन लावला.

"मिळालं ना? मग ये परत," ते म्हणाले.

"स्वल्प, थोडंसं थांबते, अण्णा."

विद्याधर पायरीवर टेकला, तो त्याला उठताच येईना. चेहरा पांढरा पडला होता. बायको धावत बाहेर आली. शेवटी तिने आणि शेजाऱ्याने मिळून त्याला कसंबसं ऑटोत घातलं. कॅमेरा चालूच होता.

दुपारी विमा कंपनीच्या अधिकाऱ्याचा फोन आला. "उचलल्याचा तेवढा भाग पाठवा. पुढचं कशाला?"

रविकिरण यांनी फोनवर हात ठेवला. "जुनं गिऱ्हाईक आहे, आश्लेषा."

"अर्धा व्हिडिओ पाठवायचा तर सोबतच्या अहवालावर माझी सही नको, अण्णा. पुढे काय झालं, असं त्याच्या वकिलाने विचारलं तर मी काय सांगू?"

त्यांनी फोनवरचा हात काढला. मग फोनवर म्हणाले, "पूर्ण पाठवतो. कापलेला आम्ही देत नाही."

सुनावणीत व्हिडिओ पूर्ण दाखवला गेला आणि दावा मंजूर झाला. त्या कंपनीचं काम मात्र एजन्सीला पुन्हा मिळालं नाही.

बाहेर पडताना विद्याधर तिच्यापाशी थांबला. तिला वाटलं, आभार मानेल.

"किती दिवस बघत होतात आम्हाला?"

"आठवडाभर."

"बायको व्हरांड्यात केस वाळवत बसते. तेही आहे का त्यात?"

"नाही. तुम्हाला उठवायला आल्या, तेवढ्याच आहेत त्या."

त्याने मान हलवली. बायकोचा हात धरून तो सावकाश जिना उतरू लागला. त्यांच्या मागोमाग जाणं आश्लेषाला नको वाटलं. ते दोघं रस्त्याला लागेपर्यंत ती वरच थांबली.