तिसरी पायरी

"हीच ना पुराची रेघ?" शाळेच्या भिंतीला टेप लावत साहेबांनी विचारलं.

"हीच," पेंटर म्हणाला. "पण साहेब, ही खोटी आहे."

चिखलापासून बूट जपत उभ्या असलेल्या साहेबांनी वहीतून मान वर काढली. "कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार? मीच काढलीय."

बारा वर्षांपूर्वी पूर ओसरल्यावर शहरातून पाहणीला माणसं यायची होती. पाणी पुरुषभर चढलं असेल तर छपराचे पत्रे, कमरेइतकं असेल तर चादरीवर बोळवण. नदीकाठची ही वस्ती धड गाव नाही, धड शहर नाही. शहराची बस इथं येते, पण म्हशी रस्ता ओलांडेपर्यंत ती थांबते. दोन माणसांचं कधी कशावर जमेल तर शपथ. त्या दिवशी मात्र सगळ्यांचं जमलं. पेंटरची शिडी धरायला चौघं पुढे आले. "अजून हातभर घे," खालून कुणीतरी म्हणालं आणि त्यानं घेतलं. वर सुबक अक्षरात तारीखही घातली. पत्रे सगळ्यांना मिळाले.

आता त्याच रेघेवरून काठची घरं पाडायची यादी होणार होती. ज्याचा उंबरा रेघेच्या खाली, त्याला शहराच्या पलीकडच्या टोकाला चौथ्या मजल्यावर खोली. बहुतेकांना ते चालणार होतं. ओल्या भिंतींना लोक विटले होते. अडलं होतं ते पेंटरच्या ताईचं. तिचं घर उंचावर. पुराचं पाणी तिच्या तिसऱ्या पायरीशी थांबलं होतं, पण रेघेप्रमाणे ते घरात शिरलं होतं. आई गेल्यावर ताईनं त्याच घरात त्याला वाढवलं; त्या नादात तिचं लग्न राहिलं ते राहिलंच. आता तिला चार पायऱ्याही जड जातात. चौथ्या मजल्यावर गेलेली ताई जिवंतपणी पुन्हा खाली उतरायची नाही.

साहेब माणूस वाईट नव्हते. "तेव्हाच्या पाहणीच्या कागदावर तिघांच्या सह्या आहेत," ते म्हणाले. "तुमच्या एकट्याच्या शब्दावर मी रेघ खाली कशी आणू? पुराच्या वेळी ताईंच्या घरात आणखी कोणी होतं?"

"अख्खी गल्ली होती. अठरा माणसं."

"मग त्यातला एक आणा. एकानं लेखी दिलं तरी फेरमोजणी लावतो. उद्या सकाळपर्यंत."

एकच माणूस हवा म्हटल्यावर पेंटरला हायसं वाटलं. तो थेट दुकानदाराकडे गेला. दुकानदाराची मुलगी पुराच्या पाण्यानं वेढलेल्या त्याच घरात, ताईच्या हातांवर जन्मली होती.

"लिहून दिलं की यादी रखडली," दुकानदार म्हणाला. "वर सगळी वस्ती खोटं बोलली हेही उघड. एका घरापायी सगळ्यांना गोत्यात आणतोस का?"

"तुझी पोर कुठं जन्मली, तेवढंच लिही."

तेवढ्यात पोर दप्तर घेऊन आतून आली. दुकानदारानं तिला परत आत पाठवलं आणि पुसलेलाच तराजू पुन्हा पुसायला घेतला.

"मला नीटसं आठवत नाही रे," तो म्हणाला.

संध्याकाळपर्यंत पेंटरनं गल्ली पालथी घातली. कुणाला आठवत नव्हतं, कुणी तेव्हा परगावी होतं. ज्यांनी शिडी धरली होती त्यांनी दारातूनच हात जोडले.

सकाळी पाडायच्या घरांवर आकडे घालायचं काम साहेबांनी त्यालाच दिलं. तो नाही म्हणणार होता. पण मग ताईच्या दारावर दुसऱ्या कुणाचा ब्रश फिरला असता.

ताई तिसऱ्या पायरीवर बसली होती. "दुकानदार काय म्हणाला?"

"आठवत नाही म्हणाला."

"पोर पायाळू होती," ताई म्हणाली. "माझी कंबर तेव्हापासून गेलीय. मला चांगलं आठवतं."

"चूक माझी आहे ताई. मी रेघ वर घेतली."

"घेतलीस खरी. पण ते पत्रे माझ्याही डोक्यावर आहेत. मी कुठं नको म्हटलं?" ती जरा बाजूला सरकली. "जा, काढ. आणि नीट काढ. वाकडा आला तर लोक म्हणतील, भाऊ पेंटर असून ही गत."

त्यानं दारावर सत्तेचाळीस घातले. आकडे सरळ आले. तो डब्याला झाकण लावायला लागला, तेव्हा ताईनं विचारलं, "रंग उरलाय का?"

"आहे थोडा."

"मग इथं एक रेघ मार. पाणी खरं आलं होतं तिथं."

"कोण बघणार ताई? पंधरा दिवसांत पाडतील."

"पंधरा दिवस मी बघेन की."

तो पायरीशी उकिडवा बसला. ताईनं दोन्ही हातांनी धरून एकेक पाय वर घेतला आणि त्यानं ब्रश टेकवला.