उंबऱ्याबाहेरची डावी चप्पल

मी डावी चप्पल बोलतेय. उजवीला बोलायची सवय नाही आणि गरजही नाही. लोक तिच्याकडे बघूनच "काय झ्याक चप्पल हाय!" म्हणतात. मग त्यांची नजर माझ्याकडे वळते आणि ते गप्प होतात. म्हणून आज माझं ऐका.

आमचा जन्म कोल्हापुरात गुंडूच्या दुकानात झाला. आम्हा दोघींचे पट्टे एकाच कातड्यातून कापले होते. उजवीचा तळ त्यानं पातळ ठेवला आणि वर लाल गोंडा लावला. माझ्या तळाखाली मात्र तो थरावर थर चढवत गेला. शिवायचा, उभी करून बघायचा, पुन्हा एक थर घालायचा. शेवटी आम्हाला शेजारी ठेवलं तेव्हा ती एक भाकरी आणि मी भाकरींची चळत, असं ध्यान दिसत होतं. गोंडा माझ्यावरही होता, पण बघतो कोण? तेव्हापासून मला उजवीचा हेवा वाटतो. खोटं कशाला बोलू?

आम्हाला न्यायला आली ती गडमुडशिंगीची स्वप्नाली. लहानपणी पोलिओ झाला आणि तिचा डावा पाय बारीक आणि आखूड राहिला. मला घालून ती दुकानाची पायरी उतरली, रस्त्यापर्यंत गेली, परत आली आणि म्हणाली, "गुंडूकाका, जमीन वर आली की हो!"

उजवीनंही ते ऐकलं. पण ते वाक्य माझ्यासाठी होतं, हे तिलाही कळलं असणार.

त्यानंतर स्वप्नाली माझ्या जिवावर हिंडू लागली. गिरणीत दळण, सोसायटीत दूध, पेठ वडगावला माहेर, अमावास्येला नृसिंहवाडी. साडीचा काठ माझ्यावरून खाली सोडला की कुणाला पत्ता लागत नसे. नवरा विजयसिंह ट्रकवर असायचा, तो कधीमधी घरी. माझ्याशिवाय ही बाई एक पाऊल टाकत नाही, अशी माझी पक्की समजूत होती.

घरी आलो की मात्र माझा रुबाब उंबऱ्यापाशी संपायचा. सासू बयाबाई भारी कडक. "पायताण हिकडंच!" असा आवाज आला की मी आणि उजवी भिंतीकडेला. मांजर खुशाल आत जायचं, शेजारच्यांची शेळीसुद्धा एकदा चुलीपर्यंत जाऊन आली, पण आम्ही बाहेर. दाराआड काय चालतं ते मला कधी दिसलं नाही. मला वाटायचं, आत गेल्यावर स्वप्नाली बसूनच राहत असेल. मी नाही म्हटल्यावर चालणार कशी?

तिला सरकारचं निराधार अनुदान मिळायचं. रक्कम काही फार नव्हती. पण घरात एवढाच पैसा असा होता की ज्याचा जाब तिला कुणी विचारत नसे. नवऱ्यापुढं हात पसरायला नको, सासूला सांगायला नको. त्यातूनच दर पावसाळ्यानंतर गुंडूकडं जाऊन माझा झिजलेला थर बदलला जायचा. म्हणजे ते अनुदान तिचं होतं तसं थोडं माझंही होतं.

त्याच्यासाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागे. आपण जिवंत आहोत हे कागदावर लिहून द्यायचं, ही माणसांची रीत मला कधी कळली नाही. पण कागदांची काय चैन! त्यांना प्लास्टिकची पिशवी, आत कपाटात म्हणे गाद्यांखाली जागा. पावसात पदराखाली ते जायचे आणि चिखलात मी.

यंदा निरोप आला की अपंगत्वाचा जुना दाखला चालणार नाही. ऑनलाइन अर्ज भरा, सरकारी दवाखान्यात पुन्हा तपासणी करून घ्या, नवं कार्ड काढा. अपंगत्व चाळीस टक्क्यांच्या आत भरलं तर अनुदान बंद. सेवा केंद्रातल्या माणसानं अर्ज भरला, आधार कार्ड, रेशन कार्ड, फोटो, सगळं जोडलं आणि तारीख दिली. त्या दिवशी घरी येताना स्वप्नाली माझ्यावर फार जपून पाय टाकत होती. आपण किती चांगलं चालतो, याची तिला पहिल्यांदाच भीती वाटली असावी.

संध्याकाळी शेजारचा आकाराम आला. तरुणपणी पैलवान, दाराच्या चौकटीला डोकं लागेल एवढा उंच. मागं खुब्याचं हाड मोडलं होतं तेव्हाची त्याची कुबडी माळ्यावर पडून होती.

"अगं, ही चप्पल घालून जाशील तर हाकलून देतील की तुला," तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला. "टकाटका चालतीस. डॉक्टर म्हणंल, हिला काय झालंय? ही कुबडी घे. साधं स्लिपर घाल आन् लंगडत जा."

"तात्या, खोटं कसं करू?" स्वप्नाली म्हणाली.

"खोटं काय त्यात? पाय खोटा हाय व्हय तुजा?"

बयाबाईंना ते पटलं. "तात्या बरोबर सांगत्यात, सपने. दिसंल तेच लिहित्यात ती माणसं. ते पायताण घरात ऱ्हाऊ दे."

घरात म्हणजे बाहेर, हे तुम्हाला आता कळलंच असेल. आणि ती कुबडी? बयाबाईंनी स्वतः तिचं खालचं रबर ओल्या फडक्यानं पुसलं, तिला उचललं आणि उंबरा ओलांडून आत नेलं! सवत पहिल्याच दिवशी घरात आणि इतकी वर्षं राबणारी मी पायरीवर. दाराच्या फटीतून टक्‌ टक्‌ आवाज यायला लागला. माझी स्वप्नाली त्या परकीला काखेत धरून चालायचा सराव करत होती. त्या कुबडीला वाळवी लागो, असा शाप मी मनापासून दिला. पण ती निघाली ॲल्युमिनियमची.

तारखेच्या दिवशी मला घरीच सोडायचं ठरलं होतं. पण निघताना बयाबाई कुलूप शोधत होत्या तेवढ्यात स्वप्नालीनं आम्हा दोघींना उचललं आणि पिशवीत घातलं. वर चटणी-भाकरीचं गाठोडं ठेवलं. मी पिशवीच्या काठावरून बाहेर बघत होते.

दवाखान्यात ही गर्दी. कुणाला आणलं होतं पाठीवर, कुणी तीनचाकीवर, एक बाई मुलाच्या कानाशी मोठमोठ्यानं ओरडून नंबर सांगत होती. बाकड्यावरचा एक माणूस म्हणाला, "पावणं, माझा हातच न्हाय. तरी बगा, दुसऱ्यांदा बोलावलंय." आणि स्वतःच हसला. मी मात्र हसण्याच्या मनःस्थितीत नव्हते. रबराची स्लिपर तिच्या पायात, कुबडी तिच्या काखेत आणि मी भाकरीखाली! कुबडी आकारामच्या मापाची, स्वप्नालीचा खांदा तिच्यावर टांगल्यासारखा वर गेला होता. जिन्यावर ती दोनदा घसरता घसरता वाचली. मला आनंद झाला आणि लगेच धस्सही झालं.

नाव पुकारलं. आतले डॉक्टर तरुण होते, पण थकलेले. त्यांनी तिला दारातून टेबलापर्यंत येऊ दिलं आणि विचारलं, "ताई, ही कुबडी किती दिवस वापरताय?"

बयाबाई लगेच म्हणाल्या, "लई वरसं."

"आजी, त्यांना बोलू द्या. ताई, ही तुमच्या मापाची नाही. आणि ही धरून तुम्हाला चालताही येत नाही. नाटक करायला सांगितलं का कुणी?"

स्वप्नालीचे कान लाल झाले. आता गेलं अनुदान, असं मलासुद्धा वाटलं. तिनं कुबडी भिंतीला टेकवली आणि सरळ सांगून टाकलं, "व्हय. ही शेजारच्या तात्यांची हाय. माझी चप्पल पिशवीत हाय. ती घातली की मी बरी चालती, म्हणून भ्या वाटलं."

डॉक्टर म्हणाले, "बघू."

तिनं मला बाहेर काढलं. ते टेबलाकडे हात करणार तोच ती म्हणाली, "टेबलावर नगं सायेब, पायातली हाय." तेव्हा त्यांनी मला चक्क हातात घेतलं. उलटून पालटून बघितलं, माझा झिजलेला काठ बोटानं चाचपला. गुंडू सोडला तर इतक्या वर्षांत मला कुणी असं हातात घेतलं नव्हतं. कुबडी भिंतीपाशी उभी राहून बघत होती. बघ म्हटलं, डोळे भरून बघ.

पण माझं सुख फार टिकलं नाही. डॉक्टरांनी मला खुर्चीवर ठेवलं आणि म्हणाले, "चप्पल घातल्यानं टक्के कमी होत नाहीत, ताई. आम्ही पाय मोजतो, चप्पल नाही. आता अनवाणी चालून दाखवा. त्या भिंतीपर्यंत."

आणि मी तिला चालताना पाहिलं.

मी कायम तिच्या पायाखाली. तिला अनवाणी चालताना मी कधी पाहिलंच नव्हतं. डावा पाय टेकला की ती अख्खी एका बाजूला खचायची, कंबर वळायची, हात हवेत काहीतरी शोधायचा. खोलीच्या मधोमध धरायला काही नव्हतं. तेवढ्यात बयाबाई कुणी न सांगता उठल्या आणि तिच्या शेजारी गेल्या. स्वप्नालीचा हात न बघता त्यांच्या खांद्यावर पडला. म्हातारीनंही तो खांदा न सांगता थोडा खाली केला होता.

"घरात अशाच चालता?" डॉक्टरांनी विचारलं.

"व्हय. भिंतीला धरून, न्हायतर आत्तींच्या खांद्याला."

"सगळं काम असंच? स्वयंपाक, झाडलोट?"

"करायचं की. घरात पायताण कसं घालायचं?"

म्हणजे दाराआड ती बसून नसायची. रोज सकाळ-संध्याकाळ ती माझ्यावाचून चालत होती आणि मी बाहेर पायरीवर बसून स्वतःच्या मोठेपणाच्या गप्पा उजवीपुढं मारत होते. आणि तो खांदा! इतकी वर्षं उजवीचा, कागदांचा, कुबडीचा हेवा करण्यात मी फुकट घालवली. खरी सवत तर ही नऊवारीतली म्हातारी होती.

डॉक्टरांनी टेप लावून पाय मोजला, पोटरी दाबून बघितली, लिहिलं. मग बयाबाईंना म्हणाले, "आजी, घरातही चप्पल घालू द्या त्यांना. असं चालून कंबर जाईल पोरीची."

बयाबाई भिंतीपाशी गेल्या आणि कुबडी उचलून बाहेर पडल्या. बसमध्ये स्वप्नाली मला घालून बसली होती आणि कुबडी सीटखाली लोळत होती.

घरी आल्यावर स्वप्नालीनं नेहमीसारखं मला उंबऱ्याबाहेर काढलं आणि भिंतीला हात लावून आत गेली. बयाबाई दारात तशाच उभ्या राहिल्या. मग खाली बसल्या. ओलं फडकं घेऊन त्यांनी आधी उजवीचा आणि मग माझा तळ घासून पुसला. गोमूत्राचे दोन थेंब आमच्यावर शिंपडले. आणि आम्हाला उचलून आत नेऊन स्वप्नालीच्या पायाशी ठेवलं.

"आत्ती, हे काय?"

"घाल म्हणती न्हवं? घाल. देवाला काय सांगायचं ते मी सांगती."

मी उंबरा ओलांडला! आतलं घर पहिल्यांदा बघितलं. चुलीपासून मोरीपर्यंतच्या भिंतीवर तिच्या पंजाचा काळपट पट्टा होता. मी त्या भिंतीकडे रागानंच बघितलं.

पुढं कार्ड आलं. टक्के चाळीसच्या वर भरले, अनुदान चालू राहिलं. पण दाखला तात्पुरता, पाच वर्षांनी पुन्हा तपासणी. पाय काय तोवर वाढणार आहे? विचारायचं कुणाला! कुबडी आकारामच्या माळ्यावर परत गेली. बाहेरगावी जायला मी, आणि घरातही मी. आता तरी माझं समाधान व्हायला हवं होतं.

परवा बयाबाई चुलीपाशी बसल्या होत्या. स्वप्नाली मला घालून ताठ चालत हंडा घेऊन गेली, परत आली, पुन्हा गेली. म्हातारी बघत राहिली. मग पदरानं नाक पुसत म्हणाली, "आता खांदा नगं झाला व्हय माझा? त्या पायताणानं बरी सुटका केली तुजी."

तो स्वर मी लगेच ओळखला. माझाच होता तो. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझा हेवा करत होतं. मला फुगून जायला हवं होतं.

स्वप्नालीनं हंडा खाली ठेवला आणि म्हणाली, "देव्हाऱ्यापर्यंत चला की माझ्यासंगं, आत्ती." तिला चालायला आता कुणाची गरज नव्हती. तरी तिनं हात त्यांच्या खांद्यावर ठेवला आणि दोघी हळूहळू निघाल्या. आता त्या रोज तशाच जातात.

डॉक्टरसाहेब, पाच वर्षांनी आम्ही पुन्हा येऊ. तेव्हा मला भाकरीखाली ठेवू नका, पायातच येऊ द्या, असं या दोघींना सांगा. आणि एक सांगते. तिचा हात त्या खांद्यावर गेला की माझ्यावरचा भार हलका होतो. लोक म्हणतील, बरं झालं की! पण मला तो तेवढासुद्धा भार त्या म्हातारीला द्यायचा नाही.