पंचांनी जलाल देऊन टाकला

मित्रांनो, मी एक जुना चामड्याचा फुटबॉल आहे. भोरच्या तालमीत खुंटीला लटकलो आहे. हवा गेली, पोट खपाटीला गेलं, पण तोंड काही बंद पडलेलं नाही. मनात राग आहे, तो आज सांगूनच टाकतो.

माझा जन्म पुण्याच्या छावणीजवळचा. एकोणीसशे पस्तीस साली मी भोरला आलो आणि जलालच्या हाती पडलो. जलाल टांग्याच्या घोड्यांचे पट्टे शिवायचा. माझी शिवण उसवली की तोच टाके घाली, चरबी चोळी. सामना लागला की आमच्या गोलात तोच उभा राही. अंगाने काडी, पण झेप मांजराची! शेजारच्या सारोळ्याचा संघ तर त्याच्यापुढे हात टेकायचा.

संघाचा कारभार तालमीच्या पंचांकडे होता. पाचही जण जुने पैलवान, त्यांचे म्होरके आनंदराव. माणूस पारखायचा तर मांडी आणि मान बघायची, एवढंच त्यांना ठाऊक. सारोळ्याचा सोनबा जत्रेतल्या कुस्त्या मारायचा. त्याला बघून पंचांच्या तोंडाला पाणी सुटलं. सोनबा आम्हाला, जलाल तुम्हाला, असं सारोळकरांशी ठरलं आणि लग्नाच्या बोलणीत फोडतात तशी सुपारीही फोडली. सुपारी फुटली की शब्द फिरवायचा नसतो. जलालला मात्र कुणी विचारलंसुद्धा नाही! तालमीत बोलावून नुसतं सांगितलं. तो "बरं" म्हणाला, मला खुंटीला अडकवलं आणि सारोळ्यात जाऊन दुकान मांडलं.

मैदानाच्या कडेला शेंगा विकणारी फुलाबाई आमच्या संघावर जीव टाकायची. ती आनंदरावांना तोंडावर म्हणाली, "अवो, हितं कुस्ती न्हाई, चेंडू आडवायचाय! हिऱ्यासारखा गडी दिला आन् बैल आणला व्हय?"

"बाई, तुमी शेंगा इका," आनंदराव म्हणाले.

पहिल्याच सामन्यात सोनबाने शड्डू ठोकला आणि गोलात पाय फाकून उभा राहिला. मी त्याच्या पायांमधून सरळ आत! एकदा नाही, चारदा. बिचारा मान वर करेना. त्याचा काय दोष? बरं, पंच तरी शहाणे व्हावेत! छे! त्यांनी आमचा सगळ्यात जोरात पळणारा गेनू वेल्ह्याच्या संघाला दिला आणि आणखी एक पैलवान आणला. लोकांनी कपाळाला हात लावला. हळूहळू कुणी मैदानाकडे फिरकेना. फुलाबाई टोपली घेऊन बाजारात जाऊन बसली. मला फार वाईट वाटलं.

वर्षभराने सारोळ्याशी सामना ठरला. त्या दिवशी सगळं भोर लोटलं, पण जलालला बघायला. खेळ सुरू व्हायच्या आधी आनंदराव सगळ्यांदेखत मैदान ओलांडून त्याच्याकडे गेले.

"जलाल, चूक झाली माजी. परत ये. फोडलेली सुपारी म्या मागं घेतो, नाव गेलं तरी चालंल."

जलालचे डोळे भरून आले. "आनंदराव, म्या लई दिस वाट बगितली. कुनी न्हाई आलं. सारोळ्याची मानसं दर सामन्याला इचारत्यात, जलालभाई, खेळनार का? तुमी देताना तरी इचारायचं व्हतं."

आनंदराव तसेच मागे फिरले.

शेवटच्या घटकेला आमच्या एका गड्याने मला जीव खाऊन हाणला. जलालने झेप घेतली आणि मला पकडलं. भोरची माणसं आपला गोल हुकला हे विसरून टाळ्या वाजवू लागली. फुलाबाई पदर डोळ्यांना लावून उभी होती. त्याने मला छातीशी धरलं. वाटलं, आता हा मला सोडणार नाही.

मग त्याने मला जोरात भोरच्या गोलाकडे लाथाडलं.

मित्रांनो, ती लाथ मला अजून दुखते. आपलं माणूस दुसऱ्याच्या हाती देण्याआधी त्याला एकदा विचारा रे, बाबांनो.